कमरेला बांधलेला माग

श्रोतेहो, नमस्कार. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा, कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झालेला. मध्य अमेरिकेत ग्वाटेमालाच्या डोंगराळ मुलखात काही ज्वालामुखी अजून धुमसतात. तिथे दीड हजार मीटर उंचीवर आतित्लान नावाचं सरोवर आहे. ८० हजार वर्षांपूर्वीच्या आसपास प्रचंड उद्रेक झाला, जमीन खचली आणि त्या खळग्यात पाणी साठलं. होडीने पलीकडे गेलं की सान हुआन ला लागुना हे गाव लागतं. वस्ती त्सुतुहिल माया लोकांची. तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या विणतात.

आणि त्यांचा माग कमरेला बांधलेला असतो. पुन्हा सांगते, कमरेला. ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, एक टोक झाडाला किंवा खांबाला, दुसऱ्या टोकाचा पट्टा विणणारीच्या पाठीमागून. ती मागे रेलली की ताणा ताठ, पुढे झुकली की सैल. बाकी सगळ्या काठ्या आणि दोर. कापडाचा पन्हा तिचे हात पोचतील तेवढाच, म्हणून दोन-तीन पट्ट्या जोडून बायकांचा सदरा शिवतात.

आमच्याबरोबर माझे मामा होते. त्यांची लेक नोकरीनिमित्त त्या देशात राहायची, तिच्याकडेच आम्ही उतरलो होतो. मामा लालबागच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर विणणारे; गिरणीत मागाला साचा म्हणतात. सगळं आयुष्य साचाखात्यात गेलं. १९८२ चा संप झाला आणि पुढे काय झालं ते मुंबईकरांना मी वेगळं सांगायला नको. अंगणात एक बाई विणत होती. मामा तिच्याजवळ उकिडवे बसले. बराच वेळ नुसते तिचे हात बघत होते. तेवढ्यात ताण्यातला एक धागा तुटला. ती पुढे वाकायच्या आत मामांचा हात गेला. लगेच थबकले, तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. मामांनी दोन टोकं चिमटीत धरली आणि क्षणात गाठ मारली, विणकरांची ती बारीक, न सुटणारी गाठ. तिने बोटाने चाचपून बघितली, उरलेली टोकं कापली आणि हसून पुढे विणायला लागली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण धागा कसा जुळवायचा हे दोघांच्या बोटांना ठाऊक होतं. आमच्या शाळेत टकळीवर सूत काढायला लावायचे. शाळांतून टकळी गेली हे फार वाईट झालं, असं माझं ठाम मत आहे. मुलांच्या बोटांना सूत कळायलाच हवं.

तर मामा. दुपारी त्या बाईने पट्टा सोडला, काठ्यांसकट कापड गुंडाळलं आणि अख्खा माग काखेत मारून घरात गेली. मामा मला म्हणाले, "आमचा साचा मालकाच्या जागेत. गेटला टाळं लागलं, आम्ही रस्त्यावर. हिचा साचा हिच्या कमरेला. हिला कोण टाळं लावणार गं?"

रंगाबद्दल थोडक्यात सांगते. निळा नीळीचा. लाल रंग निवडुंगावरच्या किड्यांपासून. आणि रंग पक्का व्हायला केळीच्या खुंटाचं पाणी! केळीच्या चिकाचा डाग साडीवरून निघत नाही, हे आपल्याला घरोघरी माहीत आहे. त्या बायकांनी तोच गुण कामाला लावला.

तिथल्या बाजारात त्याच नक्षीचं गिरणीतलं कापड स्वस्तात मिळतं. ते घेऊ नका. गावात बायकांनी चालवलेल्या सहकारी संस्था आहेत, तिथून घ्या. विणणारीने सांगितलेला भाव द्या, घासाघीस करू नका. एकेका पट्टीत तिचे कित्येक दिवस गेलेले असतात. आणि हो, येवल्याला पैठणी घ्यायला गेलात, तरी हेच करा. नमस्कार.