पोत्यातली होडी

नमस्कार मंडळी. टेबलाशेजारी ही दोन पोती ठेवलीत ना, त्यातल्या लांब पोत्यात अॅल्युमिनियमच्या पायपाचे २० तुकडे आहेत, आणि दुसऱ्यात ताडपत्रीची घडी न् प्लायच्या पाच चौकटी. हे सगळं जोडलं की १५ फुटी होडी होते, एका माणसाची, पाय लांब करून आत बसायचं आणि दोन्ही बाजूनी पातं असलेल्या वल्ह्यानं वल्हवायचं. कयाक म्हणतात तिला. सगळं मिळून वजन १६ किलो भरतं. आज सकाळी मी ती परभणीहून नांदेडला एसटीनं आणली, कंडक्टरनं विचारलं मंडपाचं सामान का हो, म्हणलं नाही भाऊ, होडी आहे. तर त्यानं उतरताना एक पोतं स्वतः खाली घेऊन दिलं आणि विचारलं की गोदावरीत कधी सोडणार.

मला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न म्हणजे मराठवाड्यात होडी कशाला, आपल्याकडं पाणी आहे कुठं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी बघितलंय, त्यामुळं हा प्रश्न कुणी चेष्टेत विचारत नाही हे मला कळतं. पण माझं म्हणणं असं आहे की घडीची होडी आपल्याकडंच पाहिजे, आणि ती पाणी कमी आहे म्हणूनच पाहिजे. आपल्याकडचं पाणी एका जागी राहत नाही बघा. एखाद्या वर्षी सप्टेंबरात मांजरा भरून वाहते आणि दुसऱ्या कुठल्या वर्षी मे मधे त्याच धरणाच्या तळाला भेगा पडलेल्या असतात. काठावर लाकडाची होडी बांधून ठेवली तर पाणी तिला सोडून अर्धा-एक किलोमीटर मागं जातं न् होडी उन्हात तडकते. यंदा येलदरी धरणात पाणी आहे, पुढच्या वर्षी माजलगावला असंल, विष्णुपुरीला असंल. पाणी जागा बदलतंय तर होडीलाही त्याच्या मागं जाता आलं पाहिजे, आणि आपण जाणार कशानं, तर एसटीनं नाहीतर मोटारसायकलनं. चारचाकीच्या टपावर १५ फुटी होडी बांधून नेणारे आपल्यात किती आहेत सांगा बरं.

आणि ही काही माझी अक्कल नाही, हा विचार शंभर वर्षांपूर्वीचा आहे. जर्मनीत म्युनिक शहरात आल्फ्रेड हॉयरिख नावाचा आर्किटेक्चर शिकणारा पोरगा होता, त्यानं १९०५ ला घडीची कयाक बनवली न् तिथल्या इजार नदीत चालवली. १९०७ ला तिचे हक्क योहान क्लेपर या माणसानं घेतले, आणि हा क्लेपर कोण, तर रोझेनहाइम गावचा शिंपी. मला या गोष्टीचं फार महत्त्व वाटतं. सुताराच्या ऐवजी शिंप्याच्या हातानं ही होडी जगभर गेली, कारण हिच्यात खरं काम कापडाचं आहे. लोक पोती घेऊन रेल्वेत बसायचे, नदीच्या वरच्या अंगाला उतरायचे, होडी जोडायचे, वाहत खाली यायचे आणि पुन्हा घडी करून रेल्वेनं घरी. तसल्याच घडीच्या कयाकमधे ऑस्कर स्पेक १९३२ ला जर्मनीतल्या उल्मवरून निघाला आणि सात वर्षं वल्हवत १९३९ ला ऑस्ट्रेलियाच्या टोकाला पोचला, वाटेत आपला पश्चिम किनारासुद्धा त्यानं वल्हवत पार केला. पोचला तेव्हा महायुद्ध सुरू झालेलं, जर्मन आहे म्हणून त्याला तिथं अटकेत टाकलं. हान्नेस लिंडेमान नावाच्या डॉक्टरनं तर १९५६ मधे असल्याच होडीतून एकट्यानं ७२ दिवसात अटलांटिक ओलांडला. त्याच्याही आधी, कितीतरी आधी, उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची कयाक आहेच. तिथं झाड उगवत नाही. समुद्रातून वाहून आलेलं लाकूड न् हाडं बांधून सांगाडा करायचा आणि वरून सीलचं कातडं शिवायचं. ज्या मुलखात लाकूड नाही तिथं ही होडी जन्माला आली हे लक्षात ठेवा.

आता बनवण्याचं सांगतो, कारण त्यासाठीच तुम्ही आलात.

सांगाड्यात लांबीला पाच पाइप असतात. तळाला मधोमध एक, त्याच्या वर दोन्ही बाजूला एकेक, आणि वरच्या काठाला दोन. आडव्या पाच चौकटी, मधली सगळ्यात रुंद म्हणजे ६० सेंटीमीटर, न् टोकाकडं लहान होत जातात. चौकटी मी १२ मिलीमीटर प्लायच्या कापल्या, आणि इथं पैसे वाचवू नका, दुकानात ७१० नंबरचा मरीन प्लाय मागा, साधा कमर्शियल प्लाय एका पावसाळ्यात फुगतो न् त्याचे पापुद्रे निघतात. पाइप स्लायडिंगच्या खिडक्या बनवणाऱ्याकडं मिळतो, १९ मिलीमीटरचा, भिंत १.२ ची. म्हणजे आतला व्यास १६.६ झाला, आणि जोडासाठी आत घालायचा पाइप १६ चा. हे अर्ध्या मिलीमीटरपेक्षा थोडं जास्त अंतर आहे ना, त्यावर सगळी होडी उभी आहे. चार-चार फुटाचे तुकडे, एका तुकड्याच्या तोंडात १६ चा वीतभर पाइप घालून पॉप रिव्हेट मारायचा आणि दुसरा तुकडा त्यावर सरकवायचा. घरी सगळं लोण्यासारखं सरकतं, पण नदीच्या काठावर वाळूचा एक कण आत गेला की जोड असा धरतो की दोन माणसं ओढत बसतात, तरी सुटत नाही. म्हणून मी दर वेळी जोडावर मेणबत्ती घासतो, ग्रीस नाही, ग्रीसला वाळू चिकटते. जोडायच्या आधी प्रत्येक तुकडा उलटा करून ठोकायचा आणि फडक्यानं पुसायचा, घाई असली तरी हे सोडायचं नाही.

पाइप चौकटीच्या खाचेत बसतो पण तिथं टिकवायला मी क्लिपा वगैरे काही लावल्या नाहीत, ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि आवळून गुंडाळल्या. रबर थोडं देतं, लाट आली की सांगाडा किंचित हलतो न् परत जागेवर येतो, घट्ट बोल्ट मारला असता तर प्लाय तिथंच तडकला असता.

कातडीवर, म्हणजे सांगाड्यावर चढवायच्या ताडपत्रीवर, मात्र मी सहा महिने घालवले. मोंढ्यात ताडपत्रीच्या दुकानात गेलं की निळी-पिवळी स्वस्तातली ताडपत्री पुढं करतात, ती प्लास्टिकच्या विणीची, पॉलिथिनची असते, तिला कुठलंच सोल्यूशन चिकटत नाही. फ्लेक्सचा बॅनर घेऊ नका, फुकट मिळतो हे खरंय, पण घडी पडली की तिथंच चिरतो. आपल्याला ट्रकवर टाकतात ती पीव्हीसीची जाड ताडपत्री पाहिजे, आत पॉलिस्टरचं कापड असलेली, चौरस मीटरला साधारण ६५० ग्रॅमची. सांगाडा उलटा ठेवायचा, त्यावर ताडपत्री टाकायची, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी ओढून ओढून बसवायची, खडूनं रेघ मारायची आणि मगच कात्री लावायची. कापलेलं मी गाड्यांचे हुड आणि सीट शिवणाऱ्या कुशनवाल्याकडं नेलं, त्याच्या मशीनला ती जाडी चालते, धागा नायलॉनचा.

शिवणीच्या भोकातून पाणी येतं, म्हणून वरून त्याच ताडपत्रीची दोन इंची पट्टी चिकटवायची, आणि इथं माझी पहिली होडी गेली. मी प्लायवर सनमायका चिकटवायला वापरतात ते पिवळं सोल्यूशन लावलं. पहिल्या दिवशी असं धरलं की नखानंसुद्धा निघंना. दोन महिन्यांनी एप्रिलच्या उन्हात पट्टी हातात आली, खाली सगळं चिकट, मधासारखं झालेलं. नंतर कळलं की पीव्हीसीला मऊ ठेवायला त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते हळूहळू बाहेर येतं आणि त्या गोंदाला विरघळवतं, उष्णता असली की लवकर. बूट-चपलांचे तळ चिकटवायचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं, सोल्यूशन असतं ते याला टिकतं. दोन पातळ हात द्यायचे, वाळू द्यायचं, मग केस वाळवायच्या ड्रायरनं गरम करून दाबायचं. तीन वर्षं झाली, हलली नाही.

आता ताण. ही होडी तरंगते कशानं असं पोरं विचारतात, तर तरंगायचं आर्किमिडीजनं सांगितलेलंच आहे, मी न् होडी मिळून १०५ किलो, म्हणजे १०५ लिटर पाणी बाजूला सारलं की झालं, त्याला ती चारएक इंच बुडते. प्रश्न तरंगण्याचा नसून आकार टिकण्याचा आहे. सांगाडा बाहेर ढकलतो आणि कातडी आत ओढते, दोघं एकमेकाला धरून ठेवतात, बाजेची नवार आवळल्याशिवाय बाज उभी राहत नाही तसं. म्हणून सांगाड्याचे दोन अर्धे करायचे, एक पुढून कातडीत सारायचा, एक मागून, मधे तळाचा पाइप टेकडीसारखा वर आलेला असतो, त्यावर दोन्ही तळहात ठेवून दाबायचं. खट्‌ करून तो सरळ होतो न् १५ फुटाची सगळी ताडपत्री एकदम ताठ होते. मग काठाचे पाइप इंचभर लांबवून खिळ घालायची. टिचकी मारून बघायची, हलगी शेकल्यावर वाजते तसा आवाज आला पाहिजे. ढब्ब वाजली तर पाण्यात सुरकुत्या पडतात आणि प्रत्येक सुरकुती होडीला मागं धरते. आपल्याकडं उन्हात ताडपत्री सैल होते न् थंडीत आवळते, म्हणून काठाच्या पायपाला मी तीन भोकं ठेवलीत, डिसेंबरात पहिलं, मे मधे तिसरं.

वल्ह्याची पाती निळ्या प्लास्टिक ड्रमची कापली, ड्रमचा बाक आयताच कामाला येतो. पुढच्या-मागच्या टोकात कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या १५-१५ रिकाम्या बाटल्या, झाकणं घट्ट लावून, कारण अॅल्युमिनियम न् पीव्हीसी दोन्ही बुडतात, होडी उलटली तर त्या ६० लिटर हवेवर ती वर राहते न् धरायला काहीतरी असतं. एकूण खर्च मला साडेआठ हजार आला, पहिल्या होडीत वाया गेलेलं सोडून. बाहेरची तयार घडीची कयाक लाखांत जाते.

चाचणी कुठं करायची हे मी कळकळीनं सांगतो. सगळे म्हणतात शेततळ्यात टाका. शेततळ्याच्या प्लास्टिक अस्तरावर पाय टिकत नाही, पट्टीचा पोहणारासुद्धा काठाला येऊन वर चढू शकत नाही, दर उन्हाळ्यात अशी पोरं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. मी शेततळ्यातच चाचणी केली, पण काठावरच्या बाभळीला बांधून गाठी मारलेले दोन दोर आत सोडले होते, अंगात लाइफ जॅकेट होतं आणि मेव्हणा काठावर उभा होता. पाणी कमरेएवढं आहे अशी जागा मिळाली तर तीच बघा. मुद्दाम उलटून बघा, बाहेर निघायची सवय करा. धरणावर जाताना पाटबंधारेच्या लोकांना विचारून जा. जायकवाडीचं पाणी पक्षी अभयारण्य आहे, तिथं परवानगीशिवाय होडी घालू नका, आणि तसंही नाथसागर उथळ न् अफाट पसरलेला आहे, दुपारी वारा सुटला की लाटा उठतात, सकाळी १० च्या आत काठाला या.

येलदरीला मासेमारी करणारे एक भोई मामा आहेत, थर्माकोलवर बसून जाळं टाकतात, पाय पाण्यात. त्यांनी माझी होडी उचलून बघितली, टिचकी मारली, आत बसून एक चक्कर मारली आणि म्हणले, "पळती लई, पण जाळं कुठं ठिवू?" बरोबर आहे त्यांचं. ६० सेंटीमीटरात माणूस बसतो, जाळं न् मासळी नाही. मग त्यांच्यासाठी मधली चौकट ८५ ची काढली, वरचं झाकण काढून टाकलं, लांबी १२ फुटावर आणली. तिला काठाच्या आतून दोन्ही बाजूनी ट्यूब फुगवून घातलीय, त्यानं कातडी आणखी ताणते न् जाळं ओढताना होडी कलंडत नाही. वेग कमी झाला. पण मामा आता कोरडे बसतात, आणि पाणी मागं गेलं की होडी डोक्यावर घेऊन त्याच्या मागं जातात. पुढच्या महिन्यात त्यांच्या भावासाठी दुसरी करायचीय, माप तेच, फक्त जाळं ठेवायची जागा मागं पाहिजे म्हणतो तो.

एक राहिलं, घडी करायच्या आधी कातडी पूर्ण वाळवा, ओली बांधली तर शिवणीत बुरशी धरते न् प्लाय काळा पडतो.

जोडायला मला २५ मिनिटं लागतात. पुढच्या दोन रांगेतल्या मंडळींनी जरा खुर्च्या मागं घ्या, १५ फूट जागा लागंल. आणि शिवणकाम येणारं कुणी असंल तर पुढं या, शिवणीवरची पट्टी जवळून बघण्यासारखी आहे.