काट्यावर तिसरी सही कोणाची?

(दृश्य: केळीबाग, सकाळ)

रावेर तालुका. मागे सातपुडा, पुढे नवतीची, म्हणजे नवीन लावलेल्या केळीची, कटाई. घड खाली टेकू द्यायचा नाही, अलगद खांद्यावर घ्यायचा, आणि हे बघा, भाऊंच्या शर्टावर चिकाचे काळे डाग, कितीही धुवा, जात नाहीत. जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय टॅग मिळाला ते खरंय, पण आपला विषय टॅग नाही, ही काटापावती आहे.

(दृश्य: काटा, पावतीचा क्लोजअप)

समजा इथं ६२ क्विंटल भरलं आणि केळी पिकवायच्या चेंबरला उतरताना ५९ सांगितलं, तर मधले ३ क्विंटल गेले कुठं? कागदावर खाडाखोड कोणी केली हे कळायला मार्ग नाही. म्हणून गावातल्या पोरांनी ट्रायल म्हणून हायपरलेजर फॅब्रिक ह्या ब्लॉकचेनवर छोटं नेटवर्क उभं केलं. ब्लॉकचेन म्हणजे सगळ्यांकडे एकसारखी वही, गुपचूप खाडाखोड केली की पकडली जाते. बिटकॉइनसारखं कोणीही घुसायचं नाही, ओळख असेल तोच आत. मेंबर तीन: शेतकरी गट, व्यापारी, ट्रान्सपोर्टवाला. प्रत्येकाचा आपला पीअर, म्हणजे आपला कॉम्प्युटर, आपली वही.

(दृश्य: गोडाऊन, प्लास्टिकच्या क्रेटवर लॅपटॉप)

आता खरी गंमत इथं आहे. वजनाची नोंद पक्की व्हायला कोणाकोणाच्या सह्या लागतील हे आधी ठरवावं लागतं, त्याला एंडोर्समेंट पॉलिसी म्हणतात. काहीच ठरवलं नाही तर फॅब्रिक बहुमत धरतं. तिघांत बहुमत म्हणजे दोन. ऐकायला एकदम लोकशाही, पण ते दोन कोण? व्यापारी आणि ट्रान्सपोर्टवाला मिळून वजन बदलू शकतात आणि ज्याचा माल आहे तो बांधावर बसून राहतो. हे लक्षात आलं तेव्हा लॅपटॉपवरचा पोरगा एवढंच म्हणाला, "मंग आपली सही कशाले भो?"

मग नियम बदलला. शेतकरी गट पाहिजेच, आणि त्यासोबत उरलेल्या दोघांपैकी कोणीही एक. एक अँड (आणि), त्याच्या पोटात एक ऑर (किंवा), बस. स्क्रीनवर एका ओळीत मावतं, पण ती ओळ लिहायला अख्खी दुपार गेली, कारण कंसच जुळेना. वजनाची नोंद करणारा प्रोग्राम तोच, फक्त पॉलिसी बदलली, त्यामुळे नवीन पॅकेज टाकायची गरज नाही. प्रोग्रामच्या व्याख्येचा सिक्वेन्स, म्हणजे बदलाचा क्रमांक, १ चा २ करायचा, मेंबरांनी अप्रूव्ह करायचं, मग कमिट, म्हणजे लागू.

आणि इथंच अजून एक खड्डा होता. हे अप्रूव्हल पण बहुमतानंच चालतं! म्हणजे उद्या तेच दोघं मिळून आपला नियम पुसू शकतात. कुलूप लावलं आणि किल्ली समोरच्याच्या खिशात. म्हणून चॅनलच्या, म्हणजे तिघांच्या सामायिक वहीच्या, कॉन्फिगमध्ये (सेटिंगमध्ये) जाऊन अप्रूव्हलच्या नियमात शेतकरी गट कंपल्सरी केला, आणि ते कॉन्फिग बदलायलाही मुळात अ‍ॅडमिनांचं बहुमतच लागतं म्हणून तिथंही तेच केलं. व्यापाऱ्याला पटवायला तीन चहा लागले, त्याचं शूटिंग नाही.

एक सांगून ठेवतो, ही सही माणूस करत नाही, पीअर करतो. प्रोग्राम चालवतो, उत्तर काढतो, सही ठोकतो. त्यामुळे शेतकरी गटाच्या पीअरवरच्या प्रोग्राममध्ये पोरांनी जास्तीची तपासणी टाकली, उतरलेलं वजन काट्यापेक्षा फार कमी असेल तर सहीच नाही. फॅब्रिकच्या २.० व्हर्जनपासून असं चालतं, प्रोग्राम थोडा वेगळा असला तरी उत्तर सारखं आलं की झालं.

काटाच खोटा असेल तर ह्यातलं काहीच कामाचं नाही, आणि गटाचा पीअर बंद पडला तर सगळ्यांच्या नोंदी अडकतात, म्हणून गटानं दोन पीअर ठेवलेत, एक इन्व्हर्टरवर.

(दृश्य: स्क्रीन, लाल अक्षरं)

आता टेस्ट. मुद्दाम दोनच सह्या, व्यापारी आणि ट्रान्सपोर्ट, ५९ ची नोंद पाठवली. ऑर्डरर, म्हणजे नोंदी क्रमानं लावणारा कॉम्प्युटर, सह्या मोजत बसत नाही, त्यानं नोंद ब्लॉकमध्ये, म्हणजे नोंदींच्या गठ्ठ्यात, लावून दिली. मग पीअरांनी तपासलं, आणि बघा, एंडोर्समेंट पॉलिसी फेल्युअर. नोंद ब्लॉकमध्ये राहिली, पण बाद असा शिक्का घेऊन. कोणी प्रयत्न केला तेही कायमचं दिसतंय. वहीत वजन विचारलं.

(दृश्य: स्क्रीनवर ६२. बाहेर ट्रकचं फाळकं बंद होतं.)