स्लाइड निघत नाही, कारण तिला आत कशानेतरी धरलंय

पिस्तुलाच्या साफसफाईला बसलेल्या माणसाचा फोन येतो, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) निघतच नाहीये, ओढून ओढून हात भरून आले, आता काय करू? मी पहिला प्रश्न एकच विचारतो, मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, कुठंय? उत्तर यायला पलीकडून दोन-तीन सेकंद लागले ना, की माझ्या पोटात गोळा येतो, कारण याचा अर्थ तो माणूस इतका वेळ ज्या वस्तूशी झटापट करत होता ती रिकामी आहे की नाही हे त्यालाच माहीत नाही.

म्हणून आधी क्रम. मॅगझिन बाहेर, मग स्लाइड पूर्ण मागे आणि मागेच अडकवून ठेवायची, मग चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी गोळी बसते त्या जागेत, डोळ्यांनी बघायचं आणि बोट घालून चाचपायचं. हा क्रम उलटा झाला तर काय होतं बघा, मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली की चेंबरमधली गोळी बाहेर उडते, आपल्याला वाटतं झालं रिकामं, पण सोडलेली स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली दुसरी गोळी आत ढकलते, मग आपण मॅगझिन काढतो आणि खात्रीने भरलेलं पिस्तूल हातात धरून बसतो. साफसफाई करताना गोळी सुटल्याच्या ज्या घटना होतात त्यातल्या कितीतरी अशाच असतात. आणि गोळ्या त्या टेबलावर नकोतच, दुसऱ्या खोलीत ठेवा.

आता मुख्य मुद्दा. "स्लाइड निघत नाही" हे वाक्य लोक दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. एक म्हणजे स्लाइड मागे-पुढे नीट हलते, पण फ्रेमवरून, म्हणजे मूठ आणि ट्रिगर असलेल्या खालच्या भागावरून, सुटून बाहेर येत नाही. दुसरी म्हणजे स्लाइड हलतच नाही, गच्च बसलीये. पहिल्यात तुम्ही चेंबर बघू शकता, दुसऱ्यात बघू शकत नाही, आणि जे चेंबर बघता येत नाही ते भरलेलंच आहे असं धरायचं, इथे "बहुतेक रिकामं असेल" वगैरे काही नसतं. दुसऱ्याकडे नंतर येतो.

पहिल्या प्रकारात दहातल्या नऊ वेळा पिस्तुलात काहीच बिघडलेलं नसतं. हा माझा अनुभव आहे, मोजून काढलेला आकडा नाही, पण विश्वास ठेवा. स्लाइड निघत नाही कारण आत एखादा भाग तिला अजून धरून आहे, आणि तो भाग तिला धरून ठेवण्यासाठीच बनवलेला आहे, नाहीतर गोळी झाडताना स्लाइड पुढे उडून गेली असती. तेव्हा जोर किती लावू असं विचारू नका, तिला कोण धरतंय ते शोधा.

ग्लॉकचंच घ्या, कारण सगळ्यात जास्त फोन त्याचेच. 1982 साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक 17 स्वीकारलं, तेव्हापासून ही रचना मुळात तीच राहिलीये. यात स्लाइडला दोन गोष्टी धरतात. एक, फ्रेममधली आडवी पट्टी, म्हणजे स्लाइड लॉक, जिची टोकं ट्रिगरच्या वर दोन्ही बाजूंना दिसतात, ती बॅरलच्या, म्हणजे नळीच्या, खालच्या भागाला पुढे जाऊ देत नाही. दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे स्ट्रायकर, गोळीच्या मागच्या टोकावर आदळून ती पेटवणारी पिन. स्ट्रायकरला खाली एक छोटं पाऊल असतं, त्याच्या पुढे ट्रिगर बार, म्हणजे ट्रिगरला जोडलेली दांडी, आडवा आलेला असतो, आणि स्ट्रायकर स्लाइडमध्येच बसलेला असल्यामुळे स्लाइड पुढे काढायला गेलात की हे पाऊल ट्रिगर बारवर अडकतं. म्हणून ग्लॉक उघडताना ट्रिगर दाबावाच लागतो, तेव्हा तो बार खाली जातो आणि वाट मोकळी होते. आणि म्हणूनच मी चेंबर दोनदा बघायला लावतो, कारण इथे ट्रिगर दाबणं हा साफसफाईचाच एक भाग आहे. दाबतानाही नळीचं तोंड अशाच दिशेला की चुकून गोळी सुटली तरी कुणाला लागणार नाही, आणि भिंतीपलीकडे कोण आहे हेही त्यात आलं.

ट्रिगर दाबला, तो मागे राहिला, आता स्लाइड फक्त अडीच-तीन मिलिमीटर मागे घ्यायची, एवढीच धरून ठेवायची, दोन्ही बाजूंची पट्टी एकदम खाली ओढायची आणि स्लाइड पुढे सोडायची. गोची इथेच होते, माणूस घाबरून किंवा उत्साहात स्लाइड एक-दोन सेंटिमीटर मागे ओढतो, तेवढ्यात ट्रिगर बार पुन्हा वर येतो, स्ट्रायकर पुन्हा अडकतो, आणि मग तुम्ही पट्टी कितीही खाली ओढा, स्लाइड येणार नाही. ओळखायचं कसं, तर ट्रिगरकडे बघा. तो पुढे आलेला दिसला तर तुम्ही जास्त ओढलंय, पुन्हा चेंबर बघा, पुन्हा पहिल्यापासून. दुसरी नेहमीची चूक म्हणजे पट्टी एकाच बाजूने ओढणं, ती तिरकी होते आणि पुरेशी खाली जात नाही. आणि फ्रेमच्या पुढच्या भागाखालच्या रेलवर टॉर्च लावलेला असेल तर आधी तो काढा, बोटांना जागाच मिळत नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगतो. सिग पी 226 मध्ये स्लाइड मागे अडकवायची, डाव्या बाजूचा टेकडाउन लिव्हर, म्हणजे पिस्तूल उघडायची कळ, खाली फिरवायचा आणि स्लाइड सावकाश पुढे आणायची. पी 320 मध्ये मॅगझिन आत असेल किंवा स्लाइड मागे अडकवलेली नसेल तर तो लिव्हर फिरतच नाही, आणि हे फार छान डिझाइन आहे असं माझं मत आहे, कारण पिस्तूलच तुम्हाला योग्य क्रमाने चालायला लावतं. इथे लिव्हर फिरत नाही म्हणून पक्कड आणणाऱ्याने आधी मॅगझिन बघावं. बेरेटा 92 मध्ये उजवीकडचं बटण दाबून धरल्याशिवाय डावीकडचा लिव्हर हलत नाही, दोन्ही हात एकाच वेळी लागतात. वॉल्थर पीपीके आणि मकारोव्ह यांचं तर सगळंच वेगळं, तिथे बॅरल फ्रेमला पक्की असते, ट्रिगर गार्ड, म्हणजे ट्रिगरभोवतीची कडी, खाली ओढून जरा एका बाजूला टेकवायचा, स्लाइड पूर्ण मागे घेऊन तिचा मागचा भाग वर उचलायचा आणि मग पुढे काढायची. गार्ड पूर्ण खाली नसेल तर स्लाइड हवी तेवढी मागे जातच नाही, आणि माणूस ती सरळ पुढे ओढत बसतो.

1911 आणि सीझेड 75 वर मात्र जरा थांबतो, कारण इथे खरंच ताकद लावावीशी वाटते. दोन्हींमध्ये स्लाइड स्टॉपची, म्हणजे स्लाइड मागे अडकवून ठेवणाऱ्या कळीची, पिन फ्रेममधून आरपार जाते आणि बॅरलच्या खालच्या भागालाही धरते. ती पिन काढल्याशिवाय स्लाइड सुटत नाही, आणि ती फक्त एकाच जागी निघते. 1911 मध्ये स्लाइडवरची छोटी अर्धगोल खाच स्लाइड स्टॉपच्या बरोबर समोर यायला हवी, सीझेडमध्ये मागच्या बाजूला स्लाइडवर आणि फ्रेमवर एकेक रेघ असते, त्या दोन रेघा जुळायला हव्यात. केसभर इकडे-तिकडे झालं की पिन हलत नाही. रेघा जुळलेल्या असतील तर उजवीकडून मॅगझिनच्या तळाने हलकं ठोकलं तरी निघते, नवं सीझेड जरा जास्त घट्ट असतं एवढंच. 1911 मध्ये थंब सेफ्टी, म्हणजे अंगठ्याने लावायची सुरक्षा कळ, वर असेल तर स्लाइडच कुलूपबंद असते, हे विसरू नका. आणि पुढचा स्प्रिंग प्लग, म्हणजे स्प्रिंगला दाबून धरणारं टोपण, सोडताना त्यावर अंगठा घट्ट ठेवा, डोळ्याला चष्मा लावा, तो प्लग गोळीसारखाच सुटतो.

आता गच्च बसलेली स्लाइड. जुनं, वर्षानुवर्षं कपाटात पडलेलं पिस्तूल असेल तर ग्रीस वाळून डिंकासारखं झालेलं असतं, त्यात काजळी, त्यात गंज. नुसतं मॅगझिन काढा, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवा, रेलच्या, म्हणजे स्लाइड ज्यांवर सरकते त्या कडांच्या, फटीत गंज सोडवणारं पातळ तेल घाला आणि थांबा, एक रात्र थांबा. दुसऱ्या दिवशी हाताने, सरळ रेषेत, हळूहळू. लोखंडी हातोडी नको, मी सुरुवातीच्या काळात एका जुन्या पिस्तुलावर ती वापरली आणि स्लाइडच्या मागच्या कडेचा धातू दबून पसरला, मग साफ केल्यावरही ती तिथे घासतच राहिली, ती खूण अजून माझ्या डोळ्यापुढे येते. स्क्रू-ड्रायव्हर फटीत घालून उचकटणं त्याहून वाईट, प्लॅस्टिक फ्रेमच्या पिस्तुलात स्टीलच्या रेलचे अगदी छोटे तुकडे असतात, ते वाकले की पुढचं सगळंच बिघडलं.

पण गोळी झाडता झाडता स्लाइड अडकली असेल तर तेलाचा विषयच सोडा. तिथे फुगलेलं काडतूस चेंबरमध्ये रुतलेलं असू शकतं, किंवा कमी दारूच्या गोळीचा पुढचा शिशाचा भाग बॅरलमध्येच राहून, त्यावर दुसरी झाडल्यामुळे बॅरल फुगलेली असू शकते. अशा पिस्तुलाला ठोकायचं नाही, टेबलाच्या कडेला धरून दाबायचं नाही, ट्रिगर दाबून बघायचा नाही. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून रेंजवरच्या अधिकाऱ्याला हाक मारायची, पुढचं काम आर्मररचं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याचं. इथे लाज वाटून घेऊन लोक पिस्तूल पिशवीत टाकून घरी नेतात, मला त्याचा फार राग येतो, कारण ते भरलेलं शस्त्र असतं आणि घरी मुलं असतात.

आणि स्लाइड एकदाची निघाली की लगेच ब्रश हातात घेऊ नका, आधी ती का अडकली होती ते बघा. रिकॉइल स्प्रिंगचा, म्हणजे स्लाइडला पुन्हा पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगचा, दांडा बॅरलखालच्या खाचेत नीट बसलेला होता का, मागच्या वेळी घाईत तिरका बसवला होता का, रेलवर कुठे चमकणारी घासलेली जागा दिसतेय का. सगळं परत जोडलं की मॅगझिनशिवाय स्लाइड चार-पाच वेळा पूर्ण मागे-पुढे करा, ती प्रत्येक वेळी आपणहून शेवटपर्यंत पुढे गेली पाहिजे, मग चेंबर पुन्हा बघा, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून ट्रिगर दाबा आणि दाबूनच ठेवा, तसंच स्लाइड एकदा मागे-पुढे करा, आता ट्रिगर सावकाश सोडा आणि तो रीसेट झाल्याचा टक असा आवाज येतोय का ते कान देऊन ऐका. तो आला नाही तर गोळ्या त्या दुसऱ्या खोलीतच राहू द्या आणि पिस्तूल पुन्हा उघडा.