तिसऱ्या मजल्यावर एक पॅलेट

(दृश्य: चाकणजवळची बांधकाम साइट. तळमजला अधिक तीन मजल्यांचा आरसीसी सांगाडा. फाटकाशी ब्लॉकने भरलेला ट्रक.)

निवेदन:

चाकण, तळेगाव, रांजणगाव. या पट्ट्यात अशा इमारती रोज कुठे ना कुठे उभ्या राहत असतात. तळमजला आणि वर तीन मजले. टॉवर क्रेन परवडावी एवढं काम मोठं नाही, आणि सगळं बिगाऱ्यांच्या डोक्यावर टाकावं एवढं लहानही नाही. फाटकाशी एएसी ब्लॉकचा, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकचा, ट्रक आलाय. ब्लॉक हवेत तिसऱ्या मजल्यावर. मुकादमाचा प्रश्न एकच: चढवायचे कसे?

आजवर या प्रश्नाची उत्तरं ठरलेली होती. होइस्ट, म्हणजे माल चढवायची साधी लिफ्ट, लावा आणि दिवसभर थोडा थोडा माल चढवत बसा. हायड्रा, म्हणजे माल लटकवून चालणारी छोटी क्रेन, बोलवा. नाहीतर पाया खणायला आलेला जेसीबी आहेच, त्याच्याच बकेटला पट्टा बांधा आणि उचला. हे शेवटचं उत्तर सगळ्यात जास्त दिसतं आणि सगळ्यात वाईट आहे.

गेल्या काही वर्षांत याच साइटांवर एक वेगळं यंत्र दिसू लागलंय. पुढे फोर्कलिफ्टसारखे दोन काटे, खाली ट्रॅक्टरसारखी मोठी चाकं, आणि केबिनच्या उजव्या बाजूला मागून पुढे आडवा पडलेला, एकात एक सरकणारा लांब हात, म्हणजे बूम. हा टेलिहँडलर.

(दृश्य: बूम हळूहळू लांब होतो. जवळून बूमवरचे आकडे.)

मूळ शेतातलं आणि घरबांधणीतलं हे यंत्र. गवताचे गठ्ठे रचायचे, विटांचे पॅलेट, म्हणजे खाली काटे घालता येतील अशा लाकडी पाटावर रचलेला माल, परांचीवर ठेवायचे, ही त्याची सुरुवातीची कामं. ब्रिटनमध्ये जेसीबी कंपनीने आपला पहिला टेलिहँडलर, लोडऑल मॉडेल ५२०, १९७७ साली आणला. तिकडे आज मध्यम उंचीच्या घरांची साइट या यंत्राशिवाय चालत नाही. कारण सरळ आहे: तिथे वीट पॅलेटवर येते. आपल्याकडे ती अजून बऱ्याच ठिकाणी ट्रकमधून हातोहात उतरते. माल पॅलेटवर येतच नसेल, तर काटे कशाच्या खाली घालणार? टेलिहँडलर भाड्याने घ्यायच्या आधी ब्लॉकवाल्याला फोन करून एवढं विचारलं, तरी अर्धा निर्णय होतो.

समजा, पॅलेट येतंय. आता यंत्र कोणतं?

भाड्याने देणारा पहिलं वाक्य बोलतो ते टनांचं. "साहेब, तीन टनी आहे, अकरा मीटर जातं." आकडे खोटे नसतात. काही मॉडेलांच्या नावातच ते असतात. ५३०-११० म्हणजे तीन टन आणि अकरा मीटर. गोची अशी की तीन टन ही क्षमता बूम आत असताना, माल चाकांजवळ असतानाची आहे. अकरा मीटर ही बूम जवळपास उभा केल्यावरची उंची आहे. पुढे किती अंतरावर किती उचलेल, हे या दोन आकड्यांपैकी एकही सांगत नाही.

आपली इमारत मोजून पाहू. जोतं साठ सेंटिमीटर. मजल्याची उंची तीन मीटर धरली, तर तिसऱ्या मजल्याची फरशी येते ९.६ मीटरवर. कडेला कठडा किंवा परांचीचा आडवा पाइप आहे, तो ओलांडून पॅलेट आत न्यायचं म्हणजे वर एक मीटर मोकळं हवं. झाले १०.६. कागदावर अकरा मीटरचं यंत्र बसलं. चाळीस सेंटिमीटर उरलेसुद्धा.

पण यंत्र भिंतीला चिकटून उभं राहत नाही. भिंतीलगत परांची आहे. तिच्या बाहेर ड्रेनेजसाठी खणलेला चर आहे, आणि त्याच्या काठावर चाक न्यायचं नाही. शिवाय पॅलेट स्लॅबच्या कडेवर नाही, आत ठेवायचंय. हे सगळं धरलं की माल चाकांच्या पुढे तीन-चार मीटर न्यावा लागतो, आणि तोही साडेदहा मीटर उंचीवर. अकरा मीटरचा बूम एवढ्या उंचीवर गेला की पुढे सरकायला त्याच्याकडे फारसं काही उरत नाही. या साध्या दिसणाऱ्या इमारतीला यंत्र लागतं चौदा मीटरच्या आसपासचं.

(दृश्य: कागदावर इमारतीचा छेद. त्यावर लोड चार्टच्या कमानी.)

म्हणून निवड उलटीकडून करायची. यंत्र कुठे उभं राहील ते आधी जमिनीवर चुन्याने आखा. तिथून माल ठेवायच्या जागेपर्यंत आडवं अंतर मोजा, उभं अंतर मोजा. मग लोड चार्टवर तो बिंदू शोधा आणि त्या बिंदूवर किती किलो लिहिलेत ते वाचा. केबिनमध्ये चिकटवलेल्या त्या तक्त्यावर एका बाजूला उंची असते, तळाला अंतर, आणि मधल्या कमानींमध्ये वजनं. बाहेरच्या कमानीकडे जाल तसतसे आकडे झपाट्याने उतरतात. तीन-चार टनी यंत्र बूम पूर्ण पुढे पसरल्यावर एक टनाच्याही खाली येऊ शकतं.

पाण्याने भरलेली बादली अंगाजवळ धरली तर पाच मिनिटं धरवते, हात सरळ पुढे केला तर दहा सेकंदही नाही. टेलिहँडलरचं गणित एवढंच आहे. पुढची दोन चाकं हा त्याचा टेकू. मागे यंत्राचं स्वतःचं वजन, पुढे माल. मालाचं वजन गुणिले टेकूपासूनचं अंतर हे मागच्या बाजूच्या जोरापेक्षा वाढलं, की मागची चाकं जमीन सोडतात. मोठ्या यंत्रांना पुढे जॅक असतात. ते टेकवले की टेकूच पुढे सरकतो, म्हणून त्याच यंत्राला जॅकसह आणि जॅकशिवाय असे दोन वेगळे तक्ते असतात. भाड्याच्या बोलणीत जॅकसहितचा तक्ता दाखवला जातो आणि साइटवर जॅक लावायला जागाच नसते, हे वारंवार घडतं.

आता एक गोष्ट, जी चालकालाही पहिल्यांदा पटत नाही.

(दृश्य: बूम वर, माल हवेत. लाल दिवा लागतो.)

माल वर आहे, बूम लांब आहे, केबिनमध्ये दिवा लाल झालाय. माणसाची पहिली बुद्धी होते माल खाली घ्यायची. तो बूम खाली सोडतो, आणि तिथेच यंत्र तोंडावर पडतं. दहा मीटर लांब केलेला बूम सत्तर अंशांत उभा असेल, तर माल बूमच्या बिजागरीपासून आडव्या रेषेत साधारण ३.४ मीटरवर असतो. बिजागरी चालकाच्या पाठीमागे, पुढच्या चाकांच्या समजा तीन मीटर मागे. म्हणजे माल जवळजवळ पुढच्या चाकांच्या डोक्यावरच आहे. तोच बूम लांबी कमी न करता तीस अंशांपर्यंत खाली आणला, तर बिजागरीपासूनचं अंतर होतं ८.७ मीटर. चाकांच्या पुढे जवळपास पावणेसहा. वजन तेच, उंची कमी झाली, आणि धोका कितीतरी पटींनी वाढला. आधी बूम आत, मग खाली. क्रम हाच.

नव्या यंत्रांत ही चूक अडवायची सोय असते. मर्यादा जवळ आली की अलार्म वाजतो, आणि पुढे धोका वाढवणाऱ्या हालचाली यंत्र स्वतःच बंद करतं. युरोपात विकल्या जाणाऱ्या यंत्रांना हे मानकानुसार लागतंच. निवडताना ही सोय चालू आहे ना, हे प्रत्यक्ष हालवून बघा. अलार्मची वायर काढून ठेवलेली यंत्रंही बाजारात फिरतात.

पण ही यंत्रणा पुढे कलण्यापुरतीच शहाणी आहे. बाजूचा उतार तिला कळत नाही. जमीन तर अजिबातच कळत नाही.

(दृश्य: पावसानंतरची साइट. काळ्या मातीत रुतलेले टायरचे माग.)

आणि जमीन ही आपल्याकडची खरी अडचण. लोड चार्टचा प्रत्येक आकडा सपाट, घट्ट जमिनीवरचा असतो. दख्खनच्या काळ्या मातीत जून ते सप्टेंबर सपाट आणि घट्ट दोन्ही मिळत नाही. उन्हाळ्यात भेगा पडून दगडासारखी होणारी हीच माती पावसात लोण्यासारखी दबते. त्यावर आठ-दहा टनांचं यंत्र, त्यात टनभर माल, आणि उचलताना यातलं बहुतेक वजन पुढच्या दोन चाकांवर. मुरूम टाकून रोलर फिरवलेली पट्टी आधी तयार करावी लागते. जॅकखाली जाड लाकडी किंवा स्टीलच्या प्लेटा लागतात. त्याहून वाईट म्हणजे परवा बुजवलेला चर. वरून जमीन सारखी दिसते, खाली भुसभुशीत. प्लंबिंगवाल्याने पाइप कुठून नेलाय हे क्रेनवाल्याला कोणी सांगत नाही, आणि टेलिहँडलरवाल्यालाही सांगत नाही.

बऱ्याच टेलिहँडलरना चौकट डावी-उजवीकडे झुकवून लेव्हल करायची सोय असते. केबिनमध्ये बुडबुड्याची लेव्हल असते. ती बघून चौकट सरळ करायची ती माल जमिनीजवळ असताना. माल वर नेल्यावर चौकटीशी खेळायचं नाही.

मालाबद्दल थोडं. ब्लॉकचं वजन साइटवर कोणी मोजत नाही. ६०० बाय २०० बाय १५० चा एएसी ब्लॉक कोरडा असताना अकरा-बारा किलोचा. साठ ब्लॉकचं पॅलेट झालं सातशे किलो. रात्री पाऊस झाला आणि ताडपत्री नव्हती, तर तेच पॅलेट बरंच जड झालेलं असतं. तक्ता मात्र कालच्या वजनावर बघितलेला.

सळईचं वजन काढायला सूत्र प्रत्येक इंजिनिअरच्या तोंडात असतं: डी स्क्वेअर बाय १६२. सोळा एमएमची बारा मीटर सळई एकोणीस किलोची, पन्नास सळयांचं बंडल साडेनऊशे किलोचं. वजन आवाक्यात आहे. पण लांबी बारा मीटर आहे, आणि काट्यांवर आडवं ठेवलेलं बंडल दोन्ही टोकांना झोके घेतं. पट्ट्याने लटकवायचं ठरलं तर काट्यांना पट्टा बांधून नाही. त्यासाठी काट्यांच्या जागी लावायचा, हुक असलेला आखूड हात, म्हणजे जिब लागतो, त्या जिबचा स्वतःचा तक्ता लागतो, आणि बंडलाच्या टोकाला रस्सी धरून लांब उभा राहणारा माणूस लागतो.

हीच गोष्ट प्रत्येक जोडणीची. काटे, बकेट, जिब, माणसांची बास्केट. जोडणीचं वजन क्षमतेतून वजा होतं आणि तक्ता बदलतो. तक्त्यात मालाचा मध्य काट्यांच्या मुळापासून पन्नास सेंटिमीटरवर धरलेला असेल आणि तुमचं पॅलेट सव्वा मीटर खोल असेल, तरी आकडा खाली येतो. बास्केटबद्दल तर तडजोडच नाही. निर्मात्याने त्या मॉडेलला बास्केट चालते असं सांगितलेलं असेल आणि तिची सुरक्षा यंत्रणा जोडलेली असेल, तरच माणूस वर. काट्यांवर पॅलेट, पॅलेटवर वायरमन, हे दृश्य आम्ही इथे दाखवत नाही. तुम्ही ते पाहिलेलं आहे.

(दृश्य: तिसऱ्या मजल्याची कड. स्लॅबखाली टेकू.)

पॅलेट वर पोचलं. ठेवायचं कशावर? राहत्या इमारतीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला दोनशे किलोच्या वापर-भारासाठी डिझाइन होतो. एक टनाचं पॅलेट सव्वा चौरस मीटर जागेवर बसतं, म्हणजे तेवढ्या जागेत चौरस मीटरला आठशे किलो. स्लॅब लगेच पडेल असं नाही, भार आजूबाजूला वाटला जातो. पण स्लॅब नुकताच भरलेला असेल, खालचे टेकू काढले असतील, आणि एकाशेजारी एक अशी चार पॅलेट कडेला रचली असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाचवं वर न्यायचं नाही. यंत्राच्या निवडीत हा प्रश्न कोणी धरत नाही. खरं तर पॅलेट अर्ध्याने भरायचं ठरवलं, तर यंत्रही लहान चालू शकतं.

टेलिहँडलर घेऊच नये अशी कामंही आहेत. वीस मजली टॉवरला तो तळाचा माल हलवण्यापुरता. ॲल्युमिनियम शटरिंगच्या कामात काँक्रीटच्या साच्याची पॅनेल स्लॅबमध्ये ठेवलेल्या भोकांतून हातानेच वर जातात. दादर-गिरगावच्या पुनर्विकासात गल्लीची रुंदी आणि पार्क केलेल्या गाड्या आधी मोजा. यंत्राची रुंदी सव्वादोन ते अडीच मीटर असते, चारही चाकं वळत असली तरी वळायला जागा लागतेच. अशा कोंडीत जागेवर उभं राहून वरचा भाग गोल फिरवणारा टेलिहँडलर उपयोगी पडतो. इटलीच्या मेर्लो कंपनीने १९९१ मध्ये ही जात बाजारात आणली. भाडं जास्त, जॅक पसरायला जागा हवी, आणि सराईत चालक शोधावा लागतो.

शेडच्या लोखंडी कामात, भिवंडीच्या गोदामांत, तुळया उभ्या करायला फराना (हायड्रासारखीच माल घेऊन चालणारी क्रेन) किंवा मोठी क्रेनच बरी. पर्लिन (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या) आणि पत्रे जवळ नेऊन द्यायला, पॅनेल चढवायला, वाळू ओढायला टेलिहँडलर. तो एकाच दिवसात काटे काढून बकेट लावतो, ही त्याची खरी कमाई. ज्या साइटवर दुसरी जोडणी कधी लागणारच नाही, तिथे तो महाग पडतो.

(दृश्य: लो-बेड ट्रेलरवरून उतरणारं यंत्र.)

भाड्याचा करार बहुधा महिन्याचा. सव्वीस दिवस, दिवसाला आठ किंवा दहा तास. डिझेल तुमचं, ऑपरेटर-हेल्परची राहायची सोय तुमची, आणण्या-नेण्याचा ट्रेलर वेगळा. ब्लॉकचं काम आठ दिवसांचं असेल तर उरलेले अठरा दिवस यंत्र काय करणार, हे सही करण्याआधी लिहून काढा. शेजारच्या प्लॉटवरच्या ठेकेदाराशी बोलता येतं का पाहा.

केबिनमधला लोड चार्ट बहुतेक वेळा इंग्रजीत असतो, आणि चालक हिंदी वाचणारा. मजकूर थोडाच, आकडे जास्त, पण तेही समजावून घ्यावे लागतात. मुकादमाने खालून ओरडायचं, "भाऊ, अजून जरा पुढे घ्या," आणि चालकाने नाही म्हणायचं, यासाठी त्याला तो बिंदू आधीच दाखवलेला असावा लागतो. बूमवर बाहेरून लांबीच्या खुणा असतात, कोन दाखवणारा काटा असतो. कुठल्या खुणेच्या पुढे बूम सोडायचा नाही, हे सकाळी मुकादम आणि चालक दोघांसमोर एकदाच ठरवा.

आणि ट्रेलर निघण्याआधी मालकाकडून तीन फोटो मागवा. त्याच यंत्राच्या सिरियल नंबरच्या प्लेटचा, त्याच्याच लोड चार्टचा, आणि सक्षम व्यक्तीने केलेल्या तपासणीच्या दाखल्याचा. प्लेटवरचा आणि दाखल्यावरचा सिरियल नंबर एकच आहे का, आणि लोड चार्ट त्याच मॉडेलचा आहे का, ते ताडून पाहा.