अमारेट्टो सावर: बदामाच्या वासाची आंबटगोड गोष्ट

(पडद्यावर: जर्दाळूच्या बिया, खलबत्ता, बी फुटल्याचा आवाज)

सुके जर्दाळू खाऊन झाले की आतली बी आपल्याकडे कोणी टाकत नाही. दाराच्या फटीत धरून फोडा नाहीतर बत्त्याने ठोका, पण आतला तो इवलासा गोड बदाम खायचाच, आणि त्यावरून घरोघरी भावंडांची भांडणं झालेली असतात. आता ही बी लक्षात ठेवा, कारण इटलीतली जी दारू जगभर बदामाची म्हणून ओळखली जाते, अमारेट्टो, तिच्यातला सगळ्यात प्रसिद्ध ब्रँड आहे डिसारोनो, आणि त्यात बदाम नाहीतच. तो बदामाचा वास येतो जर्दाळूच्या बियांच्या गरातून काढलेल्या तेलाचा.

या दारूचं एक कॉकटेल आहे, अमारेट्टो सावर, आज ते घरी करायचंय. हे नाव ऐकलं की बरेच लोक नाक मुरडतात, म्हणतात फार गोड असतं ते, दोन घोटात कंटाळा येतो. मला खरंच वाटतं की या ड्रिंकवर अन्याय झालाय. नीट केलं तर इतकं सुरेख लागतं ना, आधी आंबट, मग कॅरमेल, मग शेवटी घशाशी तो कडवट बदामी वास रेंगाळतो, आणि ते नीट करायला महागडं सामान लागत नाही, ताजं लिंबू आणि थोडी मेहनत लागते बस.

(पडद्यावर: सारोनो गाव, चर्चचा घुमट, आतली भित्तिचित्रं)

हे सारोनो, डिसारोनोचं गाव. मिलानच्या वायव्येला, साधारण 25 किलोमीटरवर. इथल्या सांता मारिया देई मिराकोली या चर्चमध्ये बेर्नार्दिनो लुईनी नावाच्या चित्रकाराने 1525 च्या सुमारास भित्तिचित्रं काढली, लिओनार्दो दा विंचीच्या प्रभावातला माणूस, आणि चित्रं आजही भिंतींवर आहेत, जाऊन बघता येतात. तिथली दंतकथा अशी सांगतात की लुईनीला मेरीच्या चित्रासाठी मॉडेल हवी होती, तर तो ज्या खानावळीत उतरला होता तिथल्या तरुण विधवा मालकिणीलाच त्याने बसवलं. तिला त्याला काहीतरी भेट द्यायची होती, जवळ पैसे नव्हते, म्हणून तिने जर्दाळूच्या बिया ब्रँडीत मुरत घातल्या आणि ती बाटली त्याला दिली. चित्र खरं आहे, चित्रकार खरा आहे, बाईची गोष्ट मात्र दंतकथा म्हणूनच ऐकायची. पण गावाला ती आवडते आणि मलाही आवडते, कारण यात दारू शोधणारी बाई आहे आणि तिने ती विकायला नाही, आभार मानायला केलीय.

याच गावात आमारेत्ती नावाची खुसखुशीत बिस्किटं होतात, साखर, अंड्याचा पांढरा भाग आणि परत तोच जर्दाळूच्या बियांचा गर. लाझारोनी घराणं ही बिस्किटं करतं आणि त्यांची अमारेट्टो तर ही बिस्किटं मुरवूनच करतात. म्हणजे एकाच गावात दोन घरं, दोन रिती, वास तोच.

(पडद्यावर: पाण्यात भिजवलेले बदाम, शेजारी बदाम इसेन्सची छोटी बाटली)

वासाचं थोडं सविस्तर सांगतो कारण इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. रात्री भिजवून सकाळी सोलून खातो ते बदाम घ्या आणि हुंगून बघा, अमारेट्टोचा वास येतो का? नाही येत. तो वास येतो इसेन्सच्या बाटलीला, आईस्क्रीमला, स्वस्तातल्या बदाम मिल्कला. त्या वासाचं नाव बेंझाल्डिहाइड. कडू बदाम, जर्दाळू, पीच, चेरी, या सगळ्या एकाच कुळातल्या झाडांच्या बियांमध्ये अमिग्डालिन नावाचा पदार्थ असतो, बी चिरडली आणि पाणी लागलं की तो फुटतो, त्यातून बेंझाल्डिहाइड सुटतं आणि त्याच्याबरोबर हायड्रोजन सायनाइडही सुटतं. हो, सायनाइड, विष. आपण खातो तो गोड बदाम म्हणजे माणसाने हजारो वर्षांत निवडून निवडून लावलेलं झाड, ज्यात हा कडू पदार्थ जवळपास बनतच नाही, म्हणून तो खायला सुरक्षित आणि म्हणूनच त्याला तो वासही नाही.

तेव्हा एक कळकळीची विनंती, यूट्यूबवर काहीतरी बघून कडू जर्दाळूच्या बिया घरी व्होडकात मुरत घालू नका. कारखान्यात विषाचं प्रमाण तपासलं जातं, आपल्या ओट्यावर ते मोजायचं कसं? बाटली आणा दुकानातून.

(पडद्यावर: सत्तरच्या दशकातला अमेरिकन बार, निऑन दिवे)

ही बाटली अमेरिकेत पोचली साठच्या दशकात आणि सत्तरच्या दशकात अमारेट्टो सावर तिथे जोरात चालायला लागलं. सावर हा प्रकार तसा जुना, दारू, लिंबू, साखर, एकोणिसाव्या शतकापासून व्हिस्की सावर, ब्रँडी सावर लोक पीत आलेत. पण सत्तरच्या दशकातल्या बारवाल्यांना लिंबं पिळायला वेळ नव्हता, त्यांनी तयार सावर मिक्स आणलं, सिट्रिक अॅसिड, साखर, पिवळा रंग, बाटलीत किंवा पावडरीत. आणि अमारेट्टो मुळातच गोड दारू, त्यात परत हे गोड मिक्स, वर लालभडक चेरी. झालं, गोडमिट्ट. पुढची चाळीसेक वर्षं हे ड्रिंक याच चवीने ओळखलं गेलं.

मग पोर्टलंड, ऑरेगॉन. तिथल्या क्लाइड कॉमन नावाच्या बारमध्ये जेफ्री मॉर्गेंथेलर म्हणून बारटेंडर होता, त्याने 2012 साली आपली रीत जाहीर केली. त्याने नेमकं बरोबर बोट ठेवलं. अमारेट्टो साधारण 28 टक्के अल्कोहोलची, व्हिस्की किंवा जिनच्या मानाने पातळ, ती एकटी या ड्रिंकचा भार पेलू शकत नाही, लिंबू घातलं की मागे पडते आणि लिंबू कमी केलं की साखरच उरते. म्हणून त्याने जोडीला बर्बन ही अमेरिकन व्हिस्की दिली, तीही कास्क प्रूफ म्हणजे पाणी न घातलेली, तेज. लिंबू ताजं आणि अंड्याचा पांढरा भाग. आज जगभरातले चांगले बार थोड्याफार फरकाने हीच रीत वापरतात.

(पडद्यावर: घरचा ओटा, सामान मांडलेलं)

चला, आता ओट्यावर. एका ग्लाससाठी अमारेट्टो 45 मिली, बर्बन 22 मिली, लिंबाचा रस 30 मिली, साखरेचा घट्ट पाक एक छोटा चमचा आणि अंड्याचा पांढरा भाग 15 मिली, म्हणजे साधारण अर्ध्या अंड्याचा. पेग मेजर असेल तर उत्तम, 30 आणि 60 च्या खुणा असतात त्यावर, नसेल तर औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण स्वच्छ धुवून घ्या, चालतं.

आधी पाक. दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी, मंद गॅसवर साखर विरघळेपर्यंत ढवळायचं आणि बंद. लाडवाचा पाक नाही करायचाय, एकतारी वगैरे अजिबात नको, नाहीतर थंड झाल्यावर ग्लासात घट्ट गोळा होऊन बसेल. गार करून बाटलीत भरा, फ्रीजमध्ये टिकतो.

आता लिंबू, सगळ्यात महत्त्वाचं. मूळ रीत मोठ्या पिवळ्या लिंबाची आहे, आपल्याकडे मिळतं कागदी लिंबू, साल पातळ, आंबटपणा जास्त तेज आणि वासही वेगळा, जरा रानटी. म्हणून मी म्हणेन आधी 25 मिली घाला, चाखा, मग वाढवा. एका कागदी लिंबातून फारतर 10-15 मिली रस निघतो, म्हणजे दोन-तीन लागतील. ओट्यावर तळहाताने दाबून लाटा, मग कापा, बी गाळा. आणि पिळून फार दाबू नका, सालीचा कडूपणा उतरतो. सकाळी पिळून ठेवलेला रस नको, तेवढ्या वेळात चव मरते.

बर्बन कास्क प्रूफ आपल्याकडे शोधत बसू नका, साधी कुठलीही घ्या. काहीजण काळी रम घालतात, छान लागते, व्हॅनिलाचा वास जमतो, पण मग ते वेगळं ड्रिंक झालं.

(पडद्यावर: बरणी हलवताना, स्लो मोशन)

शेकर नसेल तर घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्या. सगळं आत, बर्फ अजून नाही. झाकण लावून पंधरा-वीस सेकंद जोरात हलवा, याला ड्राय शेक म्हणतात. का, तर अंड्याच्या पांढऱ्यातली प्रथिनं हलवल्याने उलगडतात आणि हवेच्या बुडबुड्यांना धरून ठेवतात, बर्फाच्या थंडीत हे काम नीट होत नाही, आणि लिंबाच्या आम्लाने तो फेस जास्त टिकतो. झाकण सांभाळून उघडा, आत दाब झालेला असतो. मग बर्फ टाका, भरपूर टाका, दोन-चार खड्यांनी भागत नाही, कमी बर्फ लवकर वितळून ड्रिंक पाणचट करतो. परत हलवा, बरणी हाताला चटका लागेल इतकी गार होईपर्यंत. मग चहाच्या गाळणीतून ताज्या बर्फावर बुटक्या ग्लासात ओता. वर जाड पांढरा थर बसतो, फेटलेल्या कॉफीसारखा, आणि पहिला घोट त्या थरातूनच येतो, त्यामुळे लिंबाचा आंबटपणा जिभेवर एकदम न येता मऊ होऊन येतो.

अंडं ताजं घ्या, भेगा गेलेलं नको, कच्च्या अंड्यात साल्मोनेला नावाच्या जंतूचा धोका असतो आणि दारूने किंवा लिंबाने तो लगेच जात नाही, म्हणून गरोदर बायका, म्हातारी माणसं, आजारी असलेली कोणी यांनी अंड्याच्या भानगडीत पडू नये. शाकाहारी घरासाठी एकदम चांगला उपाय आहे, काबुली चणे कुकरमध्ये बिनमिठाचे शिजवले की जे पाणी उरतं ते, थोडं आटवून घ्या, 15-20 मिली घाला. फेस होतो, चांगला होतो, चण्याचा वास लिंबाखाली दबतो.

वर लिंबाच्या सालीचा पातळ तुकडा पिळा, तेलाचे थेंब फेसावर पडू द्या. चेरीचं म्हणाल तर आपल्याकडे केकवर असते ती लाल चेरी पुष्कळदा करवंदाची असते, पाकात मुरवलेली, रंगवलेली, ती नका घालू, रंग सुटतो आणि साखर परत वाढते. नसली चेरी तर काही बिघडत नाही.

एक हिशोब सांगून ठेवतो. 45 मिली अमारेट्टो आणि 22 मिली बर्बन मिळून साधारण 22 मिली शुद्ध अल्कोहोल होतं, आपल्याकडच्या 42.8 टक्केवाल्या व्हिस्कीचे 50 मिली प्यायल्यावर जाईल तेवढं, लार्ज पेगच्या जरासं खाली. चव गोड-आंबट असल्याने कळत नाही, पटकन संपतं, म्हणून दुसरा ग्लास करताना हे डोक्यात असू द्या आणि गाडी घेऊन आलेल्याला देऊ नका. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट 25 वर्षं आहे, तीही पाळा.

आणि दुसरा ग्लास केलाच तर पहिल्यावरून तो सुधारा. पहिला गोड वाटला असेल तर पाक पूर्ण वगळा, अमारेट्टोची साखर पुरते, फार आंबट वाटला तर लिंबू पाच मिलीने कमी करा, बर्बन मात्र तेवढीच ठेवा. उरलेला अंड्याचा पिवळा बलक सकाळच्या भुर्जीत घाला.