न जुमानणाऱ्यांचं गाव

[दृश्य: पश्चिम वेल्स. पावसात भिजलेलं दगडी चॅपेल. आत रिकामी बाकं.]

प्रवचनपीठाच्या पायथ्याशी कठडा घातलेली ही जागा पाहा. वेल्श भाषेत हिला म्हणतात 'सेट व्हाउर', मोठी बैठक. इथे बसायचे डीकन, म्हणजे चॅपेलचे पंचच म्हणा ना. स्तोत्र सुरू झालं की ते मागे वळून लोकांकडे तोंड करून उभे राहायचे. कोण आलं, कोण नाही, कुणाचा कोट नवा... एका नजरेत हजेरी.

ही नॉनकन्फॉर्मिस्टांची चॅपेलं. राजाचं चर्च आम्ही जुमानत नाही, म्हणून वेगळे झालेल्यांची. 1881 मध्ये त्यांच्या रेट्यामुळे वेल्समधले दारूचे गुत्ते रविवारी बंद झाले. गंमत अशी, की राजाच्या चर्चला न जुमानणाऱ्या गावात डीकनला न जुमानायची सोय नव्हती.

याच गमतीवर कॅराडॉक इव्हान्स आयुष्यभर लिहीत राहिला. जन्म 1878 चा, बालपण कार्डिगनशरमधल्या रिडलुइस गावात. आधी कापडाच्या दुकानांत नोकऱ्या, मग लंडनमध्ये पत्रकारिता. 1915 मध्ये त्याच्या कथा आल्या आणि वेल्स पेटला. एका कथेत चॅपेलचा मोठा भक्त बायकोला वेडी ठरवून माळ्यावर कोंडतो. आठवड्यातून एकदा, घर झोपलं की तिच्या खांद्यावर गाईचं दावं अडकवून तिला शेतात फिरवून आणतो. हवा खायला!

[दृश्य: जुनं लंडन. नाट्यगृहाचा दर्शनी भाग.]

1923 मध्ये त्याचं 'टॅफी' हे नाटक लंडनच्या प्रिन्स ऑफ वेल्स थिएटरात लागलं. टॅफी म्हणजे इंग्रजांनी वेल्श माणसाला चिडवायला ठेवलेलं नाव. चिमटा शीर्षकापासूनच.

इव्हान्सची खरी खोडी भाषेत होती. वेल्श वाक्प्रचार तो शब्दशः इंग्रजीत उतरवायचा, वर पदरचे चार घुसडायचा. 'डोळ्यांत तेल घालून' हे इंग्रजीत जसंच्या तसं म्हणून बघा, कल्पना येईल. त्याची पात्रं देवाला 'मोठा माणूस' म्हणतात. जणू शेजारचा जमीनदारच, आणि बहुतेक वेळा डीकनच्या बाजूचा.

प्रेक्षागृहात लंडनमधले वेल्श लोक होते. या शहराच्या दूधधंद्यात कार्डिगनशरच्या माणसांनी जम बसवला होता, आणि गाव सोडताना त्यांनी चॅपेलही बरोबर आणलं होतं. नाटकात त्यांनी आरडाओरडा केला. खरं सांगायचं तर त्यांचा राग अगदीच पोकळ वाटत नाही. घरचं भांडण घरात मांडणं वेगळं, इंग्रजांना तिकीट लावून दाखवणं वेगळं.

पण इव्हान्स बधला नाही. ज्यांना गावाने गप्प बसवलं, त्यांची बाजू मांडायला त्याच्याकडे विनोदच होता. तोही कडवट.

[दृश्य: अ‍ॅबरिस्टविथजवळचं न्यू क्रॉस. टेकडीवरची दफनभूमी. पावसाची भुरभुर.]

1945 मध्ये तो गेला. कबर इथे आहे, होरेब चॅपेलच्या दफनभूमीत. दगडावर त्याची विनंती कोरली आहे: मला हलकंच पुरा, बारीक पाऊस चेहऱ्यापर्यंत पोचला पाहिजे, आणि फुलपाखराची फडफड कानांना ऐकू आली पाहिजे.