टोरोंटोचा सिटी हॉल: दोन टॉवर आणि मधली बशी

नमस्कार मंडळी! आज गप्पा आपल्या टोरोंटोच्या सिटी हॉलबद्दल. भारतातून पाहुणे आले की सीएन टॉवर, नायगारा आणि मग क्वीन स्ट्रीटवरच्या त्या टोरोंटो लिहिलेल्या मोठ्या रंगीत अक्षरांसमोर फोटो, हे ठरलेलंच असतं. पण मागचे दोन वळलेले टॉवर म्हणजे इथली महापालिका, हे सांगितलं की आई-बाबांना पटकन खरं वाटत नाही, कारण महापालिका म्हटलं की त्यांच्या डोळ्यापुढे मुंबईचं व्हीटीसमोरचं घुमटवालं ऑफिस येतं. आणि तसं बघायला गेलं तर त्या थाटाची इमारत इथेही आहेच की, शेजारीच, घड्याळाच्या मनोऱ्याची, 1899 ची, तो जुना सिटी हॉल.

शहर वाढलं, जागा पुरेना, म्हणून 1950 च्या दशकात नवीन बांधायचं ठरलं. इथल्याच तीन फर्म्सनी मिळून एक डिझाइन दिलं, दगडी, चौकोनी, एकदम सेफ. ते बघून युनिव्हर्सिटीतले आर्किटेक्चरचे विद्यार्थी भडकले आणि 1955 मध्ये मतदारांनीही नाही म्हणून टाकलं. मला ही गोष्ट फार आवडते, ऑफिस कसं दिसावं यावर लोकांनी मत द्यायचं, आणि तेही नकाराचं! मग मेयर नॅथन फिलिप्स, हे टोरोंटोचे पहिले ज्यू मेयर बरं का, त्यांनी आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा आग्रह धरला, आणि 42 देशांतून पाचशेच्या वर डिझाइन्स आली.

आता गंमत ऐका. परीक्षकांमध्ये ईरो सारिनेन होते, मूळचे फिनलंडचे, अमेरिकेतले मोठे आर्किटेक्ट. ते उशिरा पोचले, तोपर्यंत बाकीच्यांनी छाटणी करून ठेवलेली, तर यांनी बाद केलेल्या गठ्ठ्यातून एक डिझाइन बाहेर काढलं आणि तेच जिंकलं, असा किस्सा सांगतात. सप्टेंबर 1958 मध्ये निकाल लागला, विजेते विल्यो रेव्हेल, तेही फिनलंडचेच. त्यावर कोणी काही बोललं नसेल असं वाटत नाही, पण डिझाइन होतंच तसं.

कसं? दोन टॉवर, एक 27 मजली, दुसरा 20 मजली, दोन्ही आतल्या बाजूला वळलेले, आणि मध्ये गोल सभागृह, एखादी बशी उपडी घालून ठेवावी तसं. वरून बघितलं तर दोन पापण्या आणि मधे बुबुळ, म्हणून त्याला सरकारचा डोळा असं नाव पडलं. सभागृहाचा भार एका जाडजूड खांबावर आहे, खालच्या हॉलमध्ये गेलात तर तो खांब समोरच दिसतो. खिडक्या सगळ्या आतल्या बाजूला, बाहेरची पाठ नुसत्या काँक्रीटची, मार्बलच्या उभ्या पट्ट्या लावलेली. समोरून फोटो मस्त येतो हे खरं, पण मागच्या रस्त्यावरून चालत आलात तर समोर फक्त ती बंद भिंत. माझ्या मते हाच त्या डिझाइनचा खरा दोष आहे.

त्या पाठीमागे काय होतं हे पण ऐकून ठेवा. ही जागा मोकळी नव्हती हो! इथे द वॉर्ड नावाची वस्ती होती, बाहेरून आलेल्या गरीब लोकांची, आणि एलिझाबेथ स्ट्रीटवर शहराचा पहिला चायनाटाऊन. सिटी हॉलसाठी त्यातला बराचसा भाग पाडला, पुढे उरलेल्यावरही डोळा गेला, तेव्हा जीन लम नावाच्या बाईंनी लोकांना एकत्र करून लढा दिला. आज ज्याला आपण चायनाटाऊन म्हणतो तो स्पडायना रस्त्यावरचा, इथून हललेले लोक तिकडे गेले. आपणही सगळे बाहेरून आलेलेच, म्हणून सांगतोय.

बांधकाम 1961 मध्ये सुरू झालं. रेव्हेलना मात्र ते पूर्ण झालेलं बघायला मिळालं नाही, नोव्हेंबर 1964 मध्ये हार्ट अटॅकने गेले, वय फक्त 54, आणि उद्घाटन झालं सप्टेंबर 1965 मध्ये. फ्रँक लॉइड राइट या नावाजलेल्या अमेरिकन आर्किटेक्टनी तर आधीच डिझाइन बघून याला थडग्यावरचा दगड ठरवलं होतं!

भांडणं पुढेही चालूच. सिटी हॉलसमोरच्या चौकात हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचं द आर्चर नावाचं शिल्प आणायचं होतं, कौन्सिल म्हणाली पैसे नाहीत, तेव्हाचे मेयर फिलिप गिव्हन्स यांनी लोकांकडून वर्गणी काढून आणलं आणि त्याच वर्षी, 1966 ला, निवडणूक हरले. शिल्प अजून तिथेच आहे. आत डेव्हिड पार्ट्रिज यांचं मेट्रोपोलिस बघा, लाखभर खिळ्यांचं भित्तिशिल्प, लोक घाईत त्याच्यासमोरून निघून जातात.

बाकी तो चौक, हिवाळ्यात तिथल्या पाण्याची स्केटिंग रिंक होते, उन्हाळ्यात फेस्टिव्हल, खाली पार्किंग, ते तुम्हाला माहीतच आहे. मला विचाराल तर ऑफिस म्हणून ठीकठाक, पण महापालिकेत काहीही काम नसलेली माणसं जिथे दुपारभर बसून राहतात असं सरकारी आवार मी दुसरं बघितलेलं नाही. सभागृहात गॅलरी आहे, कौन्सिलची मीटिंग बघायला कोणीही जाऊन बसू शकतं. झोनिंगवर, म्हणजे कुठल्या जागेवर काय बांधता येईल यावर, तासन्‌तास चर्चा चालते, कंटाळा येईल, आला तर वर बघा, एवढं मोठं गोल छत आणि सभागृहात मधे एकही खांब नाही.

चला, आता एक गाणं ऐकूया.